नवस नसलेल्या घरातलं दुःख

आमच्या घरात कुणी कधी नवस बोललेला नाही. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरच्या दीक्षाभूमीच्या मैदानावर होते. बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा म्हणून ते घरी आले आणि देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून विहिरीत सोडून आले, असं आजी सांगायची. त्यानंतर त्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली. परीक्षेच्या दिवशी माझ्या मैत्रिणी टेकडीच्या गणपतीला जाऊन यायच्या, मी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणून निघायचे. आपल्याकडे काही कमी आहे असं तेव्हा कधी वाटलं नाही. ते वाटलं वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, प्रसूतीच्या वॉर्डात.

आठवा महिना होता आणि नागपूरचा मे. दुपारपासून पोटात हालचाल जाणवत नव्हती. उन्हानं असेल म्हणून गूळपाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडून राहिले. रात्री सोनोग्राफी झाली. बाईंनी स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतली आणि बाहेर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला आत बोलवा म्हणाल्या, तेव्हाच मला कळलं.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून लिहिते. पोटात गेलेलं बाळही जन्माला घालावंच लागतं. कळा सुरू होण्याचं औषध देतात, आणि कळा तेवढ्याच येतात. मुलगी झाली. डोक्यावर भरपूर केस होते, माझ्या आईसारखे. मी तिला थोडा वेळ जवळ घेतलं, मग नवरा आणि भाऊ तिला मातीत ठेवायला घेऊन गेले. दोनेक दिवसांनी मला दूध आलं. कुणीच आधी सांगितलं नव्हतं की असंही होतं. ब्लाऊज भिजलेला, आणि पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी बाळ भुकेनं रडतंय. ज्यांनी हे सोसलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

शेजारच्या खाटेवर अकोल्याकडची एक बाई होती. तिचं बाळ काचेच्या पेटीत होतं. उशीखाली तिनं गजानन महाराजांचा फोटो ठेवलेला, आणि रात्री ती त्या फोटोशी चक्क भांडायची. "माह्या लेकराले घरी पाठव, नाई तं शेगावात पाय ठेवणार नाई!" मी अंधारात ऐकत पडायचे. तिच्या श्रद्धेचा नाही, पण तिच्या भांडणाचा मला हेवा वाटायचा. माझ्याकडे भांडायलाही कुणी नव्हतं. बुद्धाशी काय भांडणार? त्यानं कधी कुणाला काही देतो म्हटलेलंच नाही.

घरी आल्यावर लोकांनी बोलायला सुरुवात केली. चांगल्या मनानंच बोलायचे. "तू वाचलीस हेच खूप." "अजून वय आहे." "दुसरं होईल." सासूबाईंच्या नात्यातल्या एकींनी बाहेरचं काही असेल म्हणून एका बाबाचा पत्ता आणून दिला, सासूबाईंनी तो चुलीत घातला आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. मी शाळेत गणित शिकवते. जूनमध्ये शाळेत गेले तर शिपाईमामा हसत पुढे आले, "मॅडम, पेढे?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी फळ्याकडे तोंड करून त्रैराशिक शिकवत राहिले.

नवरा रात्री गच्चीवर जाऊन बसायचा. आम्ही दोघं एकमेकांना इतकं जपत होतो की बोलणंच बंद झालं होतं.

आषाढी पौर्णिमेच्या आधी आमच्या विहारातल्या मोठ्या काकू घरी आल्या. सगळी वस्ती त्यांना काकूच म्हणते. सातवी शिकलेल्या, विडीच्या कारखान्यात उमर घातलेल्या, तीन लेकरांतलं एक गेलेलं. चहा पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्यापासून ग्रंथ लागते. येजो."

मी म्हटलं, "काकू, मला तिथे रडू येईल."

"रडू नको असं कुठं म्हणून राहिली मी तुले? रड. पण घरात एकटी नको रडू, तिथं येऊन रड."

वर्षावास म्हणजे काय हे आमच्या लोकांना सांगायला नको, इतरांसाठी थोडक्यात. भिक्खूंनी पावसाळ्यात गावोगाव न फिरता एका जागी राहावं असा बुद्धकाळापासूनचा नियम आहे, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या तीन महिन्यांत आमच्या वस्त्यावस्त्यांच्या विहारांत बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज संध्याकाळी थोडा थोडा वाचला जातो. १९५७ साली, त्यांच्या पश्चात, छापून आलेला ग्रंथ. वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. पांढरी साडी, भिंतीशी सतरंजी, कुणाच्या मांडीवर नातवंड, एक जण वाचणार आणि बाकीच्या ऐकणार. मधेच कुणी प्रश्न विचारला की पुस्तक थांबतं. शाळेतल्या तासापेक्षा तिथे जास्त शिस्त असते आणि जास्त गोंधळही.

पहिल्याच संध्याकाळी ग्रंथाच्या परिचयातले प्रश्न आले. बाबासाहेब तिथे सरळ विचारतात: जगणं दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख, असं असेल तर सगळंच संपलं, मग धर्म माणसाला काय देणार? चार आर्यसत्यं ही बुद्धाची मूळ शिकवण की नंतर भिक्खूंनी घातलेली भर, अशीही शंका ते घेतात. मी मागे खांबाला टेकून बसले होते. माझ्या मनात महिनाभर जे घोळत होतं ते कुणी तरी ग्रंथाच्या पहिल्या पानांतच, घाबरल्याशिवाय, लिहून ठेवलं होतं. त्या रात्री मी घरी येऊन पोटभर जेवले. बाकी काही झालं नाही.

मग रोज जाऊ लागले. वाचनाआधी बुद्धपूजा होते. फुलं वाहतानाची गाथा मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे, "पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." हे फूल जसं कोमेजतं तसं हे शरीरही नाशाकडे जातं. इतकी वर्षं मी ती पाढ्यासारखी म्हणत आले. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी हातात तगरीचं फूल होतं आणि तो चरण आला, आणि मला पुढचं म्हणता येईना. बाजूच्या वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त आवाज थोडा वाढवला. माझा आवाज गेला होता तेवढा त्यांनी भरून काढला. सामुदायिक वंदनेचा उपयोग काय, असं कुणी मला आज विचारलं तर मी हेच सांगेन. एकटीनं प्रार्थना करताना थांबलात तर प्रार्थना थांबते. तिथे थांबत नाही.

रमाईचा, बाबासाहेबांच्या पत्नीचा, विषय कसा निघाला आठवत नाही. आमच्या बायकांत रमाई निघायला निमित्त लागतही नाही. दाभोळजवळच्या वणंद गावची ही पोर, लहान वयात लग्न, नवरा साता समुद्रापलीकडे शिकायला, आणि इथे ती गोवऱ्या थापून घर चालवते. पाच लेकरं झाली, एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. ७ फेब्रुवारीला जयंती आणि २७ मेला स्मृतिदिन आम्ही दर वर्षी करतो, गाणी म्हणतो, गाण्यांत ती नेहमी सोशिक असते, त्यागमूर्ती असते. त्या दिवशी काकू एकदम म्हणाल्या, "चार लेकरं मातीत ठेवली तिनं. तिच्या छातीत बी दूध आलं असन न मंग?"

सगळ्या गप्प झाल्या. माझ्याकडे पाहून त्या बोलल्या नव्हत्या, पण बोलल्या माझ्यासाठीच. गाण्यांतली रमाई माझ्यासाठी त्या दिवशी बाई झाली.

आणि बाबासाहेब? १९२६ साली राजरत्न गेला, त्याच वर्षी एका सहकाऱ्याला त्यांनी पत्र लिहिलं. आपण आणि आपली बायको या धक्क्यातून सावरलो आहोत असं सोंग आणण्यात अर्थ नाही, आणि कधी सावरू असं वाटतही नाही, अशा अर्थाचं ते पत्र आहे. चार लेकरं पुरल्याचा उल्लेखही त्यातच आहे. दोनच वर्षांपूर्वी बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम उभं राहिलेलं, पुढच्या वर्षी महाडला चवदार तळ्यावर जायचं होतं. तो माणूस लिहितो की सावरणार नाही. आणि तरी महाडला गेला. मला 'सावर' म्हणणाऱ्या सगळ्यांना मी मनातल्या मनात ते पत्र वाचून दाखवत असे.

श्रावणातली गोष्ट. वाचन संपल्यावर मी चपला शोधत होते, तेव्हा काकूंनी विचारलं, "नाव काय ठेवलं होतं पोट्टीचं?"

दवाखान्याच्या कागदावर 'मृतजन्म' अशी नोंद होती. नाव कुणी विचारलंच नव्हतं. पण आम्ही ठेवलं होतं, सातव्या महिन्यातच, मुलगी झाली तर हे म्हणून. मी सांगितलं. ते इथे लिहीत नाही, घरातच राहू दे. काकूंनी ते दोनदा उच्चारून पाहिलं आणि म्हणाल्या, "येत्या पौर्णिमेला तिचं पुण्यानुमोदन करू." पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीत करतात ती वंदना.

विहाराच्या समितीतल्या एका तरुणाला हे पटलं नाही. श्वास न घेतलेल्या बाळाचं पुण्यानुमोदन कुठे करतात का, उद्या लोक त्याचं कर्मकांड करतील, आपण श्राद्ध-पिंडदान सोडलेली माणसं आहोत, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता; बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध करणार नाही असं आम्ही म्हणतोच. काकूंनी त्याला खाली बसवलं. "बाबू, पुण्यानुमोदन मेलेल्याले जेवाले नाई घालत. जित्या माणसासाठी असते ते. ही जिती हाय का नाई?"

पौर्णिमेला झालं. पत्रिका नाही, मंडप नाही. रोजच्याच बायका, पाचपन्नास रुपयांची फुलं, आणि गच्चीवर बसणारा माझा नवरा पहिल्यांदा विहाराच्या सतरंजीवर. भंतेजींनी "अनिच्चा वत सङ्खारा", घडलेलं सगळं अनित्य आहे, ही गाथा म्हटली, मग तिचं नाव घेतलं, माईकवर, सगळ्यांसमोर. नवरा तिथे ढसाढसा रडला. एवढ्या बायकांत बाप्या माणूस रडतोय म्हणून कुणी अवघडलं नाही. खीर वाटली. घरी परत येताना आम्ही दोघं तिच्याबद्दल बोललो, तिचे केस कुणासारखे होते यावर थोडं भांडलोसुद्धा. तो म्हणे त्याच्या बहिणीसारखे. मुळीच नाही.

मला देवधर्म करणाऱ्या बायकांना कमी लेखायचं नाही. अकोल्याच्या त्या बाईला महाराजांनी बळ दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आमच्या बाबतीत बळ वरून आलं नाही. ते सतरंजीवरून आलं, आजूबाजूनं. मला वाटतं, मागायला कुणी नसलं की माणसं एकमेकांकडे जास्त बघतात. निदान आमच्या विहारात तरी.

आठवा खंड आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. त्यात बुद्धाच्या करुणेचे प्रसंग आहेत आणि दुःखितांचं सांत्वन आहे. आधी बुद्धाची उपासिका विशाखा येते. तिची नात गेलेली, ती रडत बुद्धाकडे जाते. तो विचारतो, श्रावस्तीत जितकी माणसं आहेत तितकी नातवंडं तुला आवडतील का? हो म्हणते. मग श्रावस्तीत रोज किती माणसं मरतात? म्हणजे तू रोज रडशील. ज्याची शंभर प्रिय माणसं त्याला शंभर दुःखं, ज्याचं कुणी प्रिय नाही त्याला दुःख नाही.

वाचणारी थांबली. मागून एक आवाज आला, "मंग लेकरं होऊच द्यायची नाई का?" सगळं विहार हसलं. काकू हसल्या नाहीत. "मले बी हे पटत नाई," त्या म्हणाल्या. "नात मेली तिले असा हिशोब सांगतात का कोणी?" मी गणिताची बाई, मला तर हिशोब आवडायला हवा होता, पण मीही काकूंच्या बाजूची. भंतेजींनी आसक्ती आणि मैत्री यांतला फरक समजावून सांगितला, आम्ही ऐकून घेतला, आणि अर्ध्या बायका तरी न पटताच घरी गेल्या. ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचण्यापेक्षा असं न पटून घरी जाणं मला जास्त धम्माचं वाटतं.

किसा गोतमी लगेच पुढे आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी. ज्या घरी कुणी मेलं नाही तिथली मूठभर मोहरी आण, असं बुद्ध तिला सांगतो. ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा वाटायचं की युक्ती चांगली आहे. आता वेगळंच दिसलं. ती दार वाजवते, आणि दार उघडणारी प्रत्येक बाई तिला आपलं मेलेलं माणूस सांगते. कुणाचा नवरा, कुणाची लेक. अख्ख्या श्रावस्तीतल्या बायका त्या दिवशी बोलल्या असतील. माझ्या बाबतीत झालंच तसं. पुण्यानुमोदनानंतर वस्तीतल्या किती तरी जणी मला वाटेत थांबवून सांगायला लागल्या, माझं पण एक सातव्या महिन्यात गेलं होतं, माझं तर नववा लागल्यावर. एकीनं तर चाळीस वर्षांनी पहिल्यांदा उच्चार केला म्हणे. तिच्या सुनेलाही माहीत नव्हतं.

अश्विन पौर्णिमेच्या पाच दिवस आधी दसरा, म्हणजे आमची अशोक विजयादशमी. नागपुरात त्या वेळी मराठवाड्यातून, खानदेशातून, पार उत्तर प्रदेशातून माणसं दीक्षाभूमीवर येतात आणि वस्त्यावस्त्यांतून भोजनदान चालतं. मला पुऱ्यांवर बसवलं होतं. दुपारी वाढायला उभी केली. परभणीकडची एक पोरसवदा आई, कडेवर पाचसहा महिन्यांचं बाळ, ताट हातात धरता येईना. "धरता का जरा?" म्हणून तिनं बाळ माझ्याकडे दिलंसुद्धा. तिला काय माहीत. मी धरलं. त्यानं माझ्या पदराला वरण पुसलं आणि चष्मा ओढला. ती शांतपणे जेवली, दुसऱ्यांदा भात घेतला, मग बाळ परत नेलं. मी पुन्हा पुऱ्यांवर जाऊन बसले. हात कापत होते, पण पुऱ्या फुगल्या.

त्यानंतर मी पटाचारा वाचली. थेरीगाथेत, म्हणजे जुन्या भिक्खुणींच्या गाथांच्या संग्रहात, तिच्या गाथा आहेत, आणि कथा अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या भाष्यात. नवरा साप चावून, एक लेकरू घारीनं उचलून, दुसरं नदीत, आणि माहेरचं घर वादळात पडून आईबाप-भाऊ गेलेले. अंगावरचं वस्त्र कधी गळलं याचं भान नाही. लोक वेडी म्हणून हाकलतात. बुद्ध सांगतो, तिला अडवू नका. मग म्हणतो, भगिनी, भानावर ये. कुणी तरी अंगावरचं वस्त्र तिच्याकडे फेकतो, ती ते गुंडाळते. मग ती सगळं सांगते, तो ऐकतो. उपदेश त्यानंतर.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी आत येऊ देणं, मग अंगावर कापड, मग ऐकणं. आपल्याकडे सांत्वनाला आलेली माणसं चपला काढायच्या आत उपदेशाला लागतात. पुढे हीच पटाचारा भिक्खुणी झाल्यावर लेकरं गमावलेल्या बायकांना शिकवत असे. त्या बायकांच्या गाथाही थेरीगाथेत आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण या विषयावर गोड लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. झोप माझी विहारात जाऊनही आली नव्हती. पहाटे तीनला उठून बसायचे, शाळेतल्या जिन्यावरून खाली बघताना नको ते विचार यायचे. काकूंची सून परिचारिका आहे, तिनं एकदा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे वंदनेनं जाणार नाही, चला माझ्यासोबत." मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात तिच्यासोबत गेले, गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू झोप आली. बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या त्याच आठव्या खंडात अतिसारानं घाण होऊन पडलेल्या भिक्खूला बुद्ध आणि आनंद स्वतः अंघोळ घालतात असा प्रसंग आहे. तिथे कुणी त्याला गाथा म्हणायला सांगत नाही. तुमच्यातलं कुणी अशी रात्र काढत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. विहारात नंतर जा.

या आषाढीला पुन्हा ग्रंथ लागेल. वाचनाच्या पाळ्या ठरल्या आहेत आणि विशाखेचा भाग माझ्याकडे आलाय. काकूंनी आत्ताच बजावून ठेवलंय, "घाईनं नको वाचजो. मले त्या दिवशी बोलाचं हाय."